विभागनिहाय

डिसेंबरअखेरची रात्र. लातूर शाखा,
औसा रोडला टायरच्या दुकानावरचा मजला.
मी प्रत्येक दाव्याला एक रकाना देते:
एक वैयक्तिक, दोन समूह, तीन अपघात, चार प्रवास.
पाचवा रकाना नाही.

प्रवासात या तिमाहीला आमचं एकच गिऱ्हाईक,
चाकूरच्या हुडग्यांचा पोरगा,
डॉक्टर व्हायला किरगिझस्तानला गेलेला.
हप्ता भरला, आजारी पडला नाही.
नफ्याचा सगळ्यात निर्मळ आकडा तोच.

वैयक्तिकमध्ये शिकवण्यांच्या गल्लीतले आईबाप,
लेकराच्या एका परीक्षेसाठी दोन वर्षं
भाड्याच्या खोलीत येऊन राहिलेले.
त्यांना डेंग्यू, पित्त, एखादा स्टेंट.

समूहात डाळमिली.
तिथं गेल्या साली शंभर आले की एकशेअकरा जायचे,
म्हणून वरून मेल आला: शिस्त आणा.
मी आणली.
म्हणजे मिलच्या यादीतून नावं गळाली तेव्हा
कोणाची, ते विचारलं नाही.

लोचनाबाई सुरवसे. चौदा वर्षं चाळणीपाशी.
नोव्हेंबरात हंगामी म्हणून यादीतून गेली.
पोरानं तिची वेगळी पॉलिसी काढली होती, नुकतीच.
डिसेंबरात दम लागून जिन्यावरून पडली,
खुबा मोडला.
दोन म्हणाला, यादीत नाव नाही.
एक म्हणाला, दमा जुना आहे, तीन वर्षं थांबा.
तीन म्हणाला, आधी दम लागला, मग पडली,
तर हा अपघात कसा?
तिन्ही पत्रांवर सही माझी.
तीच. निळ्या पेनातली.

तिला जिना चढवेना, मीच खाली गेले.
ऑटोत पाय लांब करून बसली होती, म्हणाली,
‘तीन-तीन पत्रं कामून धाडलालाव, मॅडम?
मिलीत तुरीचं पोतं वतलं की बगा,
फटका या तोंडाला, सव्वा नंबर त्या तोंडाला,
कणी तिकडं, टरफल ढोराच्या पेंडीला.
झाडलोट सुदीक इकतेत.
काईच खाली सांडत नाई.
मंग माजा कागद कोन्त्या चाळणीत अडकला,
तेवढं सांगा.’
ऑटोवाला मागून येणाऱ्या ट्रककडं बघत होता.
मी म्हणाले, वरती कळवते.

जानेवारीत निकाल लागला.
आमच्या गावात निकाल म्हणजे पेढे,
चौकात हात जोडलेल्या गुणवंतांचे फ्लेक्स.
हा निकाल तसा नाही, हा पडद्यावर लागतो,
एक मोठे साहेब पान सरकवतात आणि म्हणतात,
समूह विभाग, एकशेअकरावरून एकशेतीन,
लक्षणीय सुधारणा.
त्या आठ रुपयांत लोचनाबाई असणार कुठंतरी,
दशांशचिन्हानंतर सातव्या नाहीतर आठव्या घरात
खुब्याला उशी लावून.

खाली बारीक अक्षरात एक तरतूद असते:
घडलेले, पण अजून न कळवलेले दावे.
कोणाच्या तरी पोटात गाठ धरली आहे,
त्याला स्वतःला माहीत नाही,
आणि कंपनी त्याच्या नावचे पैसे आजच बाजूला काढते.
नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हे वाचलं
आणि मला भरून आलं होतं.
वाटलं होतं, एवढी माया तर
सख्ख्या भावालाही सुचत नाही.
माया नाही ती, अंदाज आहे, तिमाहीगणिक दुरुस्त होणारा.
आणि घडलेले, कळवलेलेही,
तीनदा कळवलेले,
त्यांना सबंध अहवालात ओळ नाही.
मी शोधली. दोनशे बारा पानं,
लेखापरीक्षकाच्या सहीपर्यंत.

तिची फाइल मी पुन्हा उघडली आहे, तक्रार म्हणून.
सिस्टिम रोज सकाळी विचारते, विभाग निवडा.
मी रोज ‘नंतर’ दाबते.
मार्चअखेर ते बटण बंद होतं.